पाटी सगळ्यात शेवटी

धाराशिवात, कळंबला, उमरग्याला किंवा भूमला तुमचं दुकान आहे, भट्टी आहे, गॅरेज आहे. रोज संध्याकाळी चार व्यावसायिक चहाला भेटता आणि दर वेळी कुणीतरी म्हणतं, "आपण गावासाठी काहीतरी करायला पाहिजे." चला तर, आता करूच. आषाढी एकादशीच्या सुमाराला सुरुवात केली, तर आश्विन पौर्णिमेपर्यंत तुमचा क्लब उभा राहतो. तुळजापूरकडे पायी निघालेल्या भाविकांनी रस्ते भरतात, तेव्हा त्यांच्यासाठी पहिला उपक्रमही तयार असतो. मात्र पायऱ्यांचा क्रम मोडू नका. बहुतेक क्लब आधी पाटी रंगवतात आणि मग काम शोधतात. आपण उलट जाणार आहोत.

हाताशी ठेवा: दोनशे पानी दोन वह्या, क्रमांक छापलेलं पावतीपुस्तक, एक फाईल, आणि महिन्यातून एका संध्याकाळचे दोन तास.

माणसं जमवा

१. वहीत पंधरा नावं लिहा. एका धंद्यातली दोनपेक्षा जास्त नकोत. खव्याची भट्टी, आडत दुकान, डाळमिल, मंडपवाले, मेडिकल, छापखाना, शेळीपालन, ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट अशी भेळ झाली पाहिजे. सावध: पंधराही कापड दुकानदार झाले, तर ती व्यापारी संघटना होईल, क्लब नाही.

२. त्यात बायकांची नावं किती, ते मोजा. चारपेक्षा कमी असतील तर यादी अपुरी आहे, पुन्हा बसा. "धंदा करणाऱ्या बायका आमच्याकडे कुठे?" हे या जिल्ह्यात तरी चालणार नाही. १९९३ च्या भूकंपानंतर स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या सखींनी इथे गावोगाव शेती, दूध, शेवया-पापड, किराणा असे धंदे उभे केले आहेत. बचत गटाच्या अध्यक्षांना विचारा, दहा मिनिटांत सहा नावं मिळतील.

३. प्रत्येकाकडे स्वतः जाऊन निमंत्रण द्या. दुपारी दोन ते चार या वेळात गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा जा. एवढंच सांगा: "महिन्यातून एकदा दोन तास भेटायचं, एकमेकांच्या धंद्याला हात द्यायचा आणि वर्षातून तीन कामं गावासाठी करायची." सावध: नुसता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून सगळ्यांना त्यात ओढू नका. पहिल्या आठवड्यात सुप्रभात सुरू होतं आणि तिसऱ्या आठवड्यात ग्रुप मुका पडतो.

४. पहिली बैठक एखाद्या सदस्याच्या दुकानात घ्या, हॉटेलात नको. पुढची दुसऱ्याच्या गोदामात, त्याच्या पुढची तिसऱ्याच्या अंगणात. जगभर पसरलेल्या रोटरीचं नावच या फिरत्या बैठकांवरून पडलं आहे. १९०५ साली शिकागोत चार जण आळीपाळीने एकमेकांच्या कचेरीत भेटत होते. दुसऱ्याची जागा पाहिली की त्याचा धंदा कळतो. भट्टीवर उभं राहून दूध आटताना पाहिलेला माणूस खव्याच्या भावावरून पुन्हा हुज्जत घालत नाही.

५. प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं बोलू द्या: धंदा काय, अडतंय काय, देता काय येईल. घड्याळ लावा. हे तीन प्रश्न फार कामाचे आहेत. पेढेवाल्याला खोकी सोलापूरहून मागवावी लागतात आणि छापखानावाला त्याच्याच शेजारी बसलेला असतो. पण बोलल्याशिवाय कळणार कसं? मराठी उद्योजकांनी एकमेकांना काम द्यावं, एवढ्यासाठी माधवराव भिड्यांनी सॅटर्डे क्लब उभा केला. आपल्याला तेच काम तालुक्याच्या मापाने करायचंय. सावध: विमा, चेन मार्केटिंग आणि निवडणूक हे तीन विषय पहिल्याच दिवशी बंद करा. एकदा शिरले की निघत नाहीत.

६. बैठकीचा वार ठरवा. "महिन्याचा दुसरा बुधवार, रात्री साडेआठ" असं पक्कं ठरलं पाहिजे. तुमच्या गावचा बाजाराचा दिवस टाळा. तुळजापुरात असाल तर मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळा. त्या दिवशी दुकान सोडून कुणीही येणार नाही, आणि यावंही लागू नये.

७. वर्गणीचा आकडा ठरवा. सगळ्यात छोट्या धंद्याला न विचारता देता येईल, तोच आकडा. महिना दोनशे रुपये पुरेत. सावध: "ज्याला जमेल तसं" असं ठेवलंत, तर दोन मोठे व्यापारी क्लब चालवतील आणि बाकीचे पाहुणे होतील.

८. अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष निवडा, एक वर्षासाठीच. कोषाध्यक्ष निवडताना आवाज पाहू नका, त्याच्या दुकानातली वही पाहा.

९. आजच्या बैठकीचा वृत्तान्त पहिल्या वहीत आजच लिहा. तारीख, हजर नावं, ठराव, सह्या. "उद्या लिहितो" म्हणू नका. हीच वही पुढे नोंदणीला लागणार आहे.

कागद लावा

१०. क्लबच्या नावाचे तीन पर्याय काढा. एक नाव आधीच कुणीतरी घेतलेलं असतं. नावात सदस्याचं, नेत्याचं किंवा जातीचं नाव घालू नका.

११. उद्देश आणि नियमावली साध्या भाषेत लिहून काढा. सदस्य कसा होतो, कसा निघतो, निवड कशी, पैसे कुणाच्या सहीने निघतात, क्लब बंद झाला तर उरलेले पैसे कुठे जातात. शेवटचा प्रश्न कुणाला विचारावासा वाटत नाही, म्हणून तोच आधी लिहा.

१२. नोंदणीचा अर्ज सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्या. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली किमान सात सदस्य लागतात. तुमच्याकडे पंधरा आहेत, सगळ्यांना घ्या. सोबत ओळखपत्रं, संमतिपत्रं, वृत्तान्ताची प्रत आणि क्लबचा पत्ता ज्या जागेत आहे तिच्या मालकाचं ना-हरकत पत्र जोडा. अर्ज कसा भरायचा आणि शुल्क किती, ते एक चक्कर मारून आधी विचारून या. नुसत्या ऐकीव यादीवर गेलात की तीन चकरा होतात. संस्था नोंदली गेली की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालचीही नोंदणी करायची असते. ती मागे ठेवू नका, तिला तीन महिन्यांची मुदत असते.

१३. नोंदणी हातात येईपर्यंत बाहेरच्या कुणाकडूनही एक रुपया घेऊ नका. ही पायरी दोनदा वाचा. तोवर फक्त सदस्यांची वर्गणी, तीही पावती फाडून. पहिला उपक्रम स्वतःच्याच पैशांतून होतो आणि तसाच व्हावा. बाजारात पावतीपुस्तक घेऊन फिरणारी नवी मंडळी दिसली की दुकानदार शटर ओढतात, हे तुम्ही दुकानदार म्हणून जाणताच.

१४. प्रमाणपत्र आलं की क्लबच्या नावाने पॅन काढा.

१५. क्लबच्या नावाने बँकेत खातं उघडा. पैसे काढायला तिघांपैकी दोघांच्या सह्या ठेवा. सावध: कोषाध्यक्षाच्या स्वतःच्या फोनचा क्यूआर कोड कधीही लावू नका. माणूस सोन्यासारखा असतो, पण त्याच्या मुलाची फी आणि क्लबची वर्गणी एकाच खात्यात आली की भांडण ठरलेलं. मी अशी दोन मंडळं मोडलेली पाहिली आहेत. चोरी कुणीच केली नव्हती.

पहिलं काम: पायी चालणाऱ्यांसाठी एक थांबा

दसऱ्यानंतर तुळजापूरची देवी निद्रा घेते आणि आश्विन पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते. त्या पौर्णिमेसाठी सोलापूरकडून, कर्नाटकातून आणि आपल्या जिल्ह्यातून माणसं रात्रभर चालत असतात. एकट्या सोलापूरहून चालायचं म्हटलं तरी साधारण ४५ किलोमीटर. त्यांना पाणी, चहा, पायांना आराम आणि उजेड हवा असतो. तुमच्या पंधरा जणांत या चारही गोष्टी आहेत. काम सोपं आहे, एका रात्रीत संपतं आणि गावाला दिसतं, म्हणून पहिलं काम हेच घ्या.

१६. महिनाभर आधी रस्त्याने स्वतः पायी चालून जागा निवडा. गाडीतून निवडू नका. गाडीतून सगळ्या जागा चांगल्या दिसतात. पाय जिथे बोलायला लागतात, तिथून पुढचं सावलीचं, सपाट आवार बघा: पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, शाळेचं मैदान. सावध: महामार्गाच्या कडेच्या पट्टीवर मंडप टाकू नका. थकलेला माणूस तिथेच टेकतो आणि मागून ट्रक येतो. रस्त्यापासून निदान पन्नास पावलं आत जा.

१७. जागामालकाची परवानगी लेखी घ्या. तोंडी "या की" ऐनवेळी विरतं.

१८. ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला पत्र द्या आणि पोच घ्या. जागा, तारीख, वेळ, दोन जबाबदार माणसांचे फोन एवढं पुरे. त्याच भेटीत वाहतूक कधीपासून वळवणार आहेत, ते विचारा. त्याचं काम पायरी २३ ला पडेल.

१९. पाण्याचा हिशेब मांडा. माणशी अर्धा लिटर धरा. हजार माणसांना ५०० लिटर, म्हणजे २० लिटरचे २५ जार. पाच जार जास्तीचे. टँकरचं पाणी पिण्यासाठी वापरणार असाल तर १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल पावडर आधी बादलीभर पाण्यात कालवा, वरचं निवळ पाणी टाकीत घाला आणि अर्धा तास थांबा. पाणी आलं की लगेच नळ सोडला, असं करू नका. प्लास्टिकचे पेले टाळा. स्टीलचे २०० पेले मंडपवाल्या सदस्याकडेच निघतील.

२०. चहाचं माप वहीत लिहा. शंभर छोट्या कपांना ४ लिटर दूध, ३ लिटर पाणी, पाऊण किलो साखर, पाव किलोला थोडी कमी चहा पावडर आणि बचकभर ठेचलेलं आलं. सावध: एकदम पाचशे कपांचं आधण ठेवू नका. तासाभरात चहा कडवट होतो. शंभर-शंभरचे घाणे काढा. बिनसाखरेची एक किटली वेगळी ठेवा आणि तिला लाल दोरा बांधा, म्हणजे रात्री दोन वाजता घोळ होणार नाही.

२१. पायांच्या सेवेचं सामान मेडिकलवाल्या सदस्याकडून बांधून घ्या: कापूस, गॉज, चिकटपट्टी, जंतुनाशक, खोबरेल तेल, हातमोजे, मीठ-साखर. मग सगळ्या स्वयंसेवकांना एकदा एकत्र बसवून चार गोष्टी समजावा. पायावरचा फोड फोडायचा नाही. धुऊन, कोरडा करून, वर गॉज लावायचा. गरम पाण्यात पाय बुडवायला देण्यापूर्वी "साखरेचा त्रास आहे का?" विचारायचं, असेल तर गरम पाणी नाही, कारण मधुमेहात पायाला चटका कळतच नाही. गळून गेलेल्याला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा घ्यायचा. छातीत दुखतंय, जीभ जड झालीय म्हणाला की तेल चोळत बसायचं नाही, १०८ ला फोन. हा तक्ता मोठ्या अक्षरांत लिहून मंडपात टांगा.

२२. पाळ्यांचा तक्ता करा. तीन-तीन तासांच्या पाळ्या, प्रत्येकीत सहा जण. आता इथे आपल्या जिल्ह्याची मेख आहे: कोजागिरीच्या सुमारालाच सोयाबीनची काढणी असते आणि आडतीवर आवक वाढलेली असते. आडतवाल्याला आणि मळणी यंत्रवाल्याला दिवसाची पाळी देऊ नका, ते येणार नाहीत आणि खजील होतील. त्यांना रात्री अकरानंतरची द्या. हात कमी पडत असतील तर गावातल्या कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेला, तुळजापूरजवळ असाल तर तिथल्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विद्यार्थ्यांना, महिनाभर आधी पत्र द्या.

२३. सगळं सामान आदल्या दिवशी जागेवर पोचवा. वाहतूक वळवली की तुमचा टेम्पो पाच किलोमीटर अलीकडे अडकतो आणि दूध तिथेच नासतं.

२४. मंडपावर ताडपत्री टाका, आकाश निरभ्र दिसलं तरी. परतीचा पाऊस विचारून येत नाही.

२५. दिवे लावून पाहा. जनरेटर अर्धा तास चालवा, बंद करा, पुन्हा चालू करा. सावध: जनरेटर चुलीपासून आणि झोपायच्या जागेपासून दूर ठेवा.

२६. कचऱ्याच्या चार टाक्या ठेवा, त्यांतली एक रस्त्याकडेला. मंडपात एकच टाकी ठेवलीत तर सकाळी अख्खं शेत तुम्हालाच वेचावं लागेल.

२७. थांबा उघडा. पहिला जथा "आई राजा उदो उदो" म्हणत आला की दोघांनी पुढे जायचं आणि म्हणायचं, "बसा माय, बसा दादा, आधी पाणी घ्या." आधी पाणी, मग बूड टेकणं, मग चहा. चहाची रांग उभी करू नका, चहा बसल्या जागी न्या. जे माणूस तीस किलोमीटर चालून आलंय, त्याला पुन्हा रांगेत उभं करायचं नाही. गळ्यात कवड्यांची माळ असो वा नसो, कुणाला नाव-गाव विचारू नका.

२८. निघताना प्रत्येकाच्या पिशवीवर रेडियमची पट्टी चिकटवा. रेडियमचं काम करणारा एक तरी सदस्य असतोच. या पट्टीचा खर्च सगळ्यात कमी आणि रात्रीच्या रस्त्यावर उपयोग सगळ्यात जास्त. हे एकच काम जमलं तरी करा.

२९. पाय चोळून घेणाऱ्याचा फोटो काढू नका. हवा असेल तर चुलीचा काढा, पेल्यांच्या ढिगाचा काढा. मंडपावर कुणाचा फ्लेक्सही लावू नका. मोफत लावून देतो म्हणतील, नम्रपणे नको म्हणा.

३०. सकाळी जागा होती त्याहून स्वच्छ करून मालकाच्या ताब्यात द्या. पुढच्या वर्षीची परवानगी इथेच मिळते.

मागचं आवरा

३१. चार दिवसांच्या आत हिशेब लावा. एका कागदावर: वर्गणी किती जमली, दूध, साखर, जार, डिझेल किती, उरले किती. मग तो कागद पंधराही दुकानांच्या काउंटरवर चिकटवा. लोक वाचतात. गिऱ्हाईक सुटे पैसे मोजून घेताना वाचतं आणि "पुढच्या खेपेला माझी साखर" म्हणतं. सावध: नोंदणी आणि खातं झालं नसेल तर तेव्हाही पैसे घेऊ नका, नाव लिहून घ्या.

३२. पुढच्या बैठकीत प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: "काय कमी पडलं?" कौतुक नंतर. उत्तरं पहिल्या वहीत लिहा.

३३. वर्षाची उरलेली दोन कामं ठरवा. येरमाळ्याला येडेश्वरीची यात्रा चैत्र पौर्णिमेला असते, तिथे उन्हाचा कडाका असतो, म्हणजे पाणी आणि सावली. धाराशिवात हजरत ख्वाजा शमशोद्दीन गाजींचा उरूस असतो, तिथे तुमच्यातले मुस्लिम सदस्य पुढे राहतील आणि बाकीचे पेले विसळतील. एकाच देवाच्या दारात उभा राहणारा क्लब अर्ध्या गावाचा होतो. आपल्याला सगळ्या गावाचा व्हायचंय. सावध: उरूस चंद्राच्या तारखेने येतो, दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. गेल्या वर्षीची तारीख धरून मंडप सांगू नका.

३४. ३१ मार्चला वह्या बंद करून लेखापरीक्षकाकडे द्या. ३० सप्टेंबरची वाट पाहू नका, मे महिन्यात काम उरकून घ्या.

३५. वर्ष झालं की पदाधिकारी बदला आणि बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्या. हा अर्ज राहिला की पुढची प्रत्येक सही लटकते. "तुम्हीच राहा की साहेब" असा आग्रह होईल, तरी उठा.

३६. आता पाटी रंगवायला द्या. क्लबचं नाव, नोंदणी क्रमांक, बैठकीचा वार आणि वेळ, एवढ्याच ओळी. अध्यक्षांचं नाव घालू नका, ते दर वर्षी बदलणार आहे. पाटी लावाल त्या दिवशी गल्लीतल्या एका तरी नव्या दुकानदाराला हाक मारा आणि पुढच्या दुसऱ्या बुधवारी त्याच्याच दुकानात बसा.